पावणेचारची बस आणि वरच्या मजल्यावरची व्यायामशाळा : समितीच्या नोंदी, 2024

8 जानेवारी, सोमवार

कारखान्यातल्या व्यायामशाळेच्या नवीन समितीची पहिली बैठक, जेवणाच्या सुट्टीनंतर ट्रेनिंग रूममध्ये. सात सदस्य: टूलरूमचे अण्णा (अध्यक्ष), अकाउंट्सच्या मॅडम (खजिनदार), प्रेस शॉप आणि पेंट शॉपचा एकेक प्रतिनिधी, युनियनचे सहचिटणीस, मेंटेनन्सचे दादा आणि चिटणीस म्हणून मी, क्वालिटीतून. एचआरचे साहेब निमंत्रित. त्यांना बोलता येईल, मत नाही. भत्ता कोणालाच नाही. बैठकीचा वेळ ड्युटीत धरला जातो, बाकी सगळं शिफ्ट सुटल्यावर.

जुन्या समितीकडून ताब्यात घेतलं: किल्ल्या, सभासद रजिस्टर, कॅशबुक, सामानाची यादी. यादी हातात धरून प्रत्यक्ष माल ताडला. ट्रेडमिल तीन, चालू दोन. मल्टिस्टेशन (एकाच सांगाड्यात अनेक व्यायामांचं यंत्र), स्क्वॉट रॅक (वजनाचा बार टेकवायची चौकट), वीस किलोचा ऑलिम्पिक बार, तीस किलोपर्यंतचे डंबेल, दोन सायकली. कोपऱ्यात मुदगलांची एक जोडी सापडली, ती कुठल्याच यादीत नव्हती. चढवली.

पहिला ठराव जबाबदारीचा. जागा, वीज, विमा, ट्रेनरचा पगार कंपनीकडे. वेळा, फी, नियम, किरकोळ दुरुस्ती आणि खरेदीची शिफारस समितीकडे. हे आजवर फक्त तोंडी होतं. एचआरच्या सहीचं पत्र मागितलंय. उद्या कोणाला लागलं-खुपलं तर "तुमचं का आमचं" हा वाद जखमी माणसाला बाजूला बसवून होऊ नये.

घरी जाऊन 2024 मध्ये लागू असलेल्या फॅक्टरी ॲक्ट 1948 मधला कल्याणाचा भाग वाचला. 250 पेक्षा जास्त कामगार असले तर कॅन्टीन (कलम 46), 150 पेक्षा जास्त असले तर विश्रांतीची आणि डबा खायची जागा (कलम 47), 500 झाले की वेल्फेअर ऑफिसर (कलम 49). व्यायामशाळेचा उल्लेख नाही. म्हणजे कॅन्टीन मनात आलं म्हणून कोणी बंद करू शकत नाही. व्यायामशाळा मात्र एका परिपत्रकात बंद होऊ शकते. ती कोण वापरतंय, किती वापरतंय, याची चोख नोंद हाच तिचा आधार. वर्षभराचं काम यावरूनच ठरवायचं आहे.

19 जानेवारी, शुक्रवार

दारावरच्या पंचिंगची मागच्या तिमाहीची नोंद टाइम ऑफिसकडून मिळाली. शिफ्टवार वेगळी केली. सभासद दोनशेच्या वर, नियमित येणारे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. जे येतात ते बहुतेक जनरल शिफ्टचे: डिझाइन, खरेदी, अकाउंट्स, लॅब. प्रेस शॉपचे चौघे. पेंट शॉपचा एकच. असेंब्लीतल्या बायकांपैकी एकही नाही.

कारण वेळापत्रकातच आहे. व्यायामशाळा सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ. फर्स्ट शिफ्ट सुटते साडेतीनला, बस सुटते पावणेचारला. सेकंडवाले तीन वाजता आत येतात आणि रात्री बारा वाजता सुटतात. शॉप फ्लोअरवरच्या माणसाने यायचं कधी? ही वेळ ज्यांनी ठरवली त्यांनी जनरल शिफ्ट डोळ्यांसमोर ठेवून ठरवली, आणि पुढे कोणी हात लावला नाही.

एचआरचे साहेब म्हणाले, "प्रेस शॉपवाले दिवसभर माल उचलतात. त्यांना वर येऊन पुन्हा वजनं कशाला?" साहेबांनी प्रामाणिकपणे विचारलं, म्हणून उत्तर सविस्तर लिहून ठेवते. प्रेसवरचा माणूस एकाच बाजूला वळतो, एकाच उंचीवरून ब्लँक (पत्र्याचा कापलेला तुकडा) उचलतो, एकाच हाताने सरकवतो. आठ तासांत काही स्नायू पिळून निघतात आणि काहींना कामच मिळत नाही. कंबर आणि खांदा तिथेच धरतो. मध्ये विश्रांती घ्यायची की नाही, वजन कमी करायचं की नाही, हे त्याच्या हातात नसतं, लाइनच्या वेगावर असतं. कामावरच्या श्रमाने हृदयाला मोकळ्या वेळातल्या व्यायामाइतका फायदा होतोच असं नाही, हेही संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम अशी आहे. प्रेसवर उभं राहण्याने तो दुसरा भाग आपोआप भरून निघत नाही.

प्रेस शॉपचा आमचा सदस्य एवढंच म्हणाला, "साहेब, मला वजन उचलायचं नाही. मला कंबर सरळ करायचीय." इतिवृत्तात हे वाक्य जसंच्या तसं घेतलं.

2 फेब्रुवारी, शुक्रवार

ट्रान्सपोर्टशी बोलणी. फर्स्ट शिफ्टवाल्यांसाठी वेगळी बस मिळणार नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. मग पेंट शॉपच्या सदस्याने साधा प्रश्न विचारला: साडेपाचच्या जनरलच्या बसमध्ये किती जागा रिकाम्या असतात? ट्रान्सपोर्टच्या क्लार्कने रूटनुसार चार्ट काढला. आळंदी, चाकण आणि निगडीच्या गाड्या अर्ध्याच भरतात. दिघीची तेवढी गच्च.

ठरलं: व्यायामशाळेच्या फर्स्ट शिफ्ट सभासदांना जनरलच्या बसचा पास. दिघीवाल्यांसाठी आठवड्यातून दोनच दिवस, आळीपाळीने. नवीन वेळा: दुपारी पावणेदोन ते सव्वातीन सेकंडवाल्यांसाठी, पावणेचार ते सव्वापाच फर्स्टवाल्यांसाठी. सकाळ-संध्याकाळच्या वेळा तशाच. नाइटवाल्यांचा प्रश्न सुटलेला नाही. रात्रभर जागून आलेल्या माणसाने सकाळी सातला जड वजन उचलू नये असं ट्रेनरचंही मत आणि माझंही. त्यांचा आठवडा फिरतो, फर्स्टला आले की येतील.

या वेळांना दुसरा ट्रेनर लागणार. एप्रिलच्या बजेटमध्ये मागायचा. तोवर दुपारची वेळ अण्णा आणि पेंट शॉपचा सदस्य आलटून पालटून सांभाळतील. रॅक बंद, फक्त सायकल, मॅट आणि हलके डंबेल.

20 फेब्रुवारी, मंगळवार

यंत्रांची तपासणी. मेंटेनन्सच्या दादांसोबत पूर्ण दुपार गेली.

मल्टिस्टेशनच्या केबलवर नायलॉनचं वेष्टण असतं, त्यामुळे आतली तार तुटली तरी वरून चकचकीत दिसते. दादांनी कॉटन वेस्टचा बोळा घेतला आणि केबल चिमटीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू ओढत नेला. लॅट पुलडाउनच्या दांडीपासून वीतभर अंतरावर, जिथे केबल कप्पीवर वळते, तिथे बोळ्याचे धागे अडकले. वेष्टणाला केसाएवढी चीर आणि त्यातून तारेची दोन टोकं बाहेर. माणूस खाली बसून दांडी छातीकडे ओढतो तेव्हा ही केबल त्याच्या डोक्यावर असते. लगेच लाल टॅग: "वापरू नये", तारीख, सही. शॉप फ्लोअरवर जी टॅगची पद्धत आहे तीच इथे. ट्रेनरला टॅग लावता येईल, काढता मात्र फक्त मेंटेनन्सला येईल.

बंद ट्रेडमिलचं दुखणं वेगळं. पट्ट्याखाली प्रेस शॉपच्या बाजूची बारीक धूळ, सिलिकॉन तेलाचा पत्ता नाही. पट्टा कोरडा झाला की घर्षण वाढतं, मोटर जास्त करंट ओढते आणि शेवटी कंट्रोल कार्ड जळतं. विक्रेत्याने नवीन मशीन घ्या म्हणून कोटेशन दिलं होतं. दादांच्या मते कार्ड बदलून, फळी साफ करून, पट्टा सरळ ताणला तर चालेल. तेल सिलिकॉनचंच घालायचं, शॉपमधलं मशीन ऑइल नाही, त्याने पट्टा खराब होतो. हे मशीनवर मराठी आणि हिंदीत चिकटवलं. ट्रेडमिल भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. पडणारा माणूस मागेच फेकला जातो, म्हणून सगळ्या फिरवल्या. आता मागे दोन मीटर मोकळे.

4 मार्च, सोमवार

सुरक्षा सप्ताहाचा पहिला दिवस. सेफ्टी ऑफिसरना विनंती करून सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून श्वास देण्याचं) प्रात्यक्षिक व्यायामशाळेत घेतलं. छातीच्या मध्यावर 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, 30 दाबांमागे 2 श्वास. पुतळ्यावर करताना दोन मिनिटांत तगडे लोकही घामाघूम होतात, म्हणून माणूस बदलत राहायचा. दाराशी मोठ्या अक्षरांत 108 आणि 112, खाली प्लांट डिस्पेन्सरीचा एक्स्टेन्शन.

एईडी यंत्राला (हृदयाला शॉक देणाऱ्या) कंपनीने तत्त्वतः होकार दिला. ते ठेवायचं कुठे यावर समितीत दोन मतं. युनियनचे सहचिटणीस म्हणाले व्यायामशाळेत, कारण धोका तिथे. मी डिस्पेन्सरीच्या चौकाचा आग्रह धरला. हृदय बंद पडल्यावर सीपीआर आणि शॉकशिवाय जाणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते, आणि हे फाउंड्रीच्या बाजूला किंवा कॅन्टीनमध्येही घडू शकतं. वरच्या मजल्यावर कुलपामागे ठेवलेलं यंत्र नाइट शिफ्टला काय कामाचं? चौकातून व्यायामशाळेपर्यंत पळत जायला किती वेळ लागतो ते पेंट शॉपच्या सदस्याने तिथल्या तिथे पळून दाखवलं. जिना धरून एक मिनिटाच्या आत. चौक ठरला.

12 मार्च, मंगळवार

आरोग्य प्रश्नावली. छातीत दुखतं का, चक्कर येते का, बीपी किंवा हृदयाचं औषध चालू आहे का, सांधा-हाडाचा त्रास आहे का, असे सात साधे प्रश्न. एकाचंही उत्तर "हो" आलं तर आधी डॉक्टरांचं मत. जगभर हीच पद्धत आहे, आपण फक्त बोली मराठीत उतरवली.

लोक फॉर्म भरेनात. खरं कारण कॅन्टीनच्या रांगेत कळलं. "ताई, बीपी आहे म्हणून लिहिलं आणि उद्या ओव्हरटाइम बंद केला तर?" ही भीती पोकळ नाही. भरलेले फॉर्म आता डिस्पेन्सरीच्या कपाटात, किल्ली डॉक्टरांकडे. व्यायामशाळेत फक्त एक चिठ्ठी येते: "चालेल", "मर्यादेत चालेल", "आत्ता नको". आजाराचं नाव त्यात नाही. एचआरला यातलं काहीही जाणार नाही, असं एचआरच्याच लेटरहेडवर घेतलं आणि नोटीस बोर्डावर लावलं. दुसऱ्या आठवड्यापासून फॉर्म यायला लागले.

22 मार्च, शुक्रवार

बजेट. दुसरा ट्रेनर (अर्धवेळ, दुपारचा), केबल, ट्रेडमिलचं कार्ड, पंधरा किलोचा एक बार, कपडे बदलण्याच्या खोलीचं काम. बार आणि कार्ड समितीच्या फंडातून, बाकी कंपनीकडून. मॅडमनी कॅशबुक इतकं स्वच्छ लावलंय की ऑडिटला कोणीही या म्हणावं.

एका विभागप्रमुखांकडून मागणी आली होती: संध्याकाळी सात ते आठ फक्त मॅनेजर ग्रेडसाठी राखीव ठेवा, ते शांतपणे व्यायाम करतील. मॅडमनी 1962 च्या आयकर नियमांतला नियम 3(7) काढून दाखवला. कंपनीने दिलेली हेल्थ क्लब किंवा खेळाची सोय सर्व कर्मचाऱ्यांना एकसारखी असेल तर ती करपात्र सवलत धरली जात नाही. "एकसारखी" या अटीला आपण आपल्याच हाताने धक्का का लावायचा? मागणी नामंजूर, सात विरुद्ध शून्य. नियमापेक्षा मला अण्णांचं बोलणं जास्त पटलं: "खाली साहेब म्हणतो, ते ठीक. वर बार रिकामा होईपर्यंत साहेबांनीपण थांबायचं."

10 एप्रिल, बुधवार

काल पाडवा, बंद. आजपासून दुपारच्या ट्रेनर ताई रुजू.

महिलांसाठी मंगळवार आणि शनिवारी पावणेचार ते सव्वापाच राखीव. मॅनेजरांना नाही म्हणालात, मग हे कसं, असं विचारलं गेलंच. उत्तर असं दिलं: मॅनेजर आजही येतात, राखीव वेळ न देताही येत राहतील. असेंब्लीतल्या बायका आजवर आलेल्याच नाहीत. तिथे पुरुष ट्रेनर, बदलायला जागा नाही, आणि जिन्यावरून जाताना खालच्या सायकल स्टँडवरच्या नजरा. कोणासाठी दार उघडावं लागतं आणि कोणासाठी ते उघडंच आहे, हा फरक धरूनच वेळ राखून ठेवली आहे.

जुन्या स्टेशनरीच्या खोलीत हुक, आरसा, आतून कडी. कॅमेरा फक्त जिन्याच्या तोंडाशी, आत कुठेही नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखाली प्लांटमध्ये जी अंतर्गत तक्रार समिती आहे तिच्या अध्यक्षांचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला लावला.

पहिल्या शनिवारी सहा जणी येतील असं धरलंय. साडी बदलून येणार की तशाच, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. नियमात फक्त "पायात बूट, ओढणी-पदर खोचलेला" एवढंच.

23 एप्रिल, मंगळवार

हनुमान जयंती. हॉलमधल्या तसबिरीला हार, नारळ. वर्गणी वेगळी आणि ऐच्छिक, फंडातून एक रुपया नाही. फंड सगळ्या धर्मांच्या लोकांच्या पगारातून कापलेला आहे.

अण्णांनी मुदगल काढून घासून तेल लावलं आणि आठ-दहा पोरांना फिरवायची रीत दाखवली. मनगट सैल, कोपर कानाजवळ, वजन खांद्यामागून उतरू द्यायचं. पेंट शॉपमध्ये स्प्रे गन धरून ज्यांचे खांदे जखडलेत त्यांना ट्रेनर ताईंनी हाच व्यायाम अर्ध्या वजनाच्या गदेने सुरू करून दिला. बोलता बोलता निघालं की कामगारांसाठी व्यायामशाळा ही कल्पना आपल्याकडे एसीवाल्या जिमच्या कितीतरी आधीची आहे. ना. म. जोशींनी 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, तेव्हा गिरणी कामगारांच्या वस्तीत वाचनालयं, रात्रशाळा, दवाखाने यांच्या बरोबरीने व्यायामशाळाही होत्या. 1953 च्या कामगार कल्याण निधी कायद्याने उभं राहिलेलं मंडळ आजही केंद्रं चालवतं. आपल्या पगारातून जून आणि डिसेंबरला जी छोटी कपात होते ती त्यासाठीच. हे सभासदांना माहीत असायला हवं. बोर्डावर लिहून लावणार.

आज महिलांची वेळ होती. असेंब्लीतल्या एका ताईंनी पंधरा किलोचा बार पहिल्यांदा उचलला. वीस किलोच्या बारची पकड 28 मिलिमीटरची, याची 25. त्यांनी आधी वीसचा धरून पाहिला होता, बोटं पुरी वळत नव्हती. याच्यावर मूठ मिटली. दिवसभर एअर ड्रायव्हर (हवेवर चालणारा स्क्रू ड्रायव्हर) धरून त्यांचं उजवं मनगट दुखतं. "वजन कमी करायचं नाही हं मला," म्हणाल्या, "हात टिकला पाहिजे, अजून बारा वर्षं नोकरी आहे."

13 मे, सोमवार

लोकसभेचं मतदान, पगारी सुट्टी, बंद. उन्हामुळे दुपारची वेळ कठीण झाली आहे. पत्र्याखालचा हॉल तापतो. दोन एक्झॉस्ट फॅन मंजूर, लागले नाहीत.

24 मे, शुक्रवार

आजवरची सगळ्यात लांबलेली बैठक. विषय: कंत्राटी कामगार.

शॉप फ्लोअरवर आपल्या शेजारी उभा असलेला निम्मा माणूस कंत्राटी किंवा ट्रेनी आहे. आपला नियम म्हणतो सभासदत्व फक्त कायम कामगारांना. पेंट शॉपच्या सदस्याने मुद्दा मांडला: "माझ्या बूथमधले दोघं रोज मला विचारतात. दोघंही चोवीस-पंचवीसचे. काय सांगू त्यांना?"

विरोधात तीन मुद्दे आले आणि तिन्ही वजनदार होते.

पहिला एचआरचा. कंत्राटदाराच्या माणसाला कंपनीने थेट सोय दिली तर उद्या कोर्टात "आम्ही कंपनीचेच" असा दावा उभा राहताना ती पुराव्यात येईल. दुसरा विम्याचा. कंपनीची ग्रुप पॉलिसी फक्त पटावरच्यांना. महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ईएसआय (राज्य कामगार विमा) आहे, उपचार तिथे होतील. पण व्यायाम करताना कायमचं अपंगत्व आलं तर ते कामावरची इजा धरलं जाईल का, याची हमी देता येत नाही. तिसरा मुद्दा युनियनच्या सहचिटणीसांचा, आणि तोच सगळ्यात अवघड. "आमच्या पोरांना आत्ता कुठे जागा मिळायला लागलीय. रॅक एक आहे. उद्या कायमवाला रांगेत आणि कंत्राटी रॅकवर, असं दिसलं तर मला दोघांचीही तोंडं बंद करता येणार नाहीत."

त्यांना कोणी संकुचित म्हणू नये. जे मिळवायला वर्षं लागली ते वाटून घ्या म्हणणं सोपं नसतं.

तरी माझं मत बैठकीत सांगितलं, इथेही लिहिते. प्रेस दोघांच्या कमरेला सारखाच त्रास देते. कंत्राटी माणसाला आजारपणाची रजा अंगावर येते, त्यामुळे त्याला ही सोय जास्त लागते. दुपारच्या पावणेदोनच्या वेळेला हॉल अर्धा रिकामा असतो, हे पंचिंगच्या नोंदीत आहे.

वाट मॅडमनी काढली. विम्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना: वर्षाला 20 रुपये, बँक खात्यातून आपोआप कपात, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख, वय 18 ते 70. वर्ष 1 जून ते 31 मे, म्हणजे आत्ताच नोंदणी केली तर पूर्ण वर्ष मिळतं. एचआरच्या मुद्द्यासाठी: परवानगी कंत्राटदाराच्या पत्रावर, पास कंत्राटदाराच्या नावाने, फी कंत्राटदाराकडून एकत्र. सहचिटणीसांच्या मुद्द्यासाठी: सुरुवातीला फक्त दुपारची वेळ, तीन महिन्यांचा प्रयोग, रॅकवर प्रत्येकी वीस मिनिटं, मग तो कोणीही असो.

मतदान: पाच बाजूने, एक विरुद्ध, एक तटस्थ. विरुद्ध मत सहचिटणीसांचं, कारणासह नोंदवलं. बैठक संपल्यावर त्यांनीच विचारलं, विम्याचे फॉर्म मराठीत आहेत का, ते युनियन ऑफिसात ठेवतो म्हणाले.

11 जून, मंगळवार

तीन कंत्राटदारांपैकी दोघांची पत्रं आली. तिसऱ्याने "आमची माणसं कामाला येतात, व्यायामाला नाही" असं सांगून पाठवलं. त्याच्याकडच्या कामगारांना तूर्त येता येणार नाही. हे मला मान्य नाही, पण पत्राशिवाय पास नाही हा नियम आपणच केलाय. एचआरने त्याच्याशी बोलावं असं लेखी दिलं.

29 जून, शनिवार

पालख्यांचे दिवस. रस्ते बंद, बसचे मार्ग बदललेले, बरेच जण वारीत एक टप्पा चालायला गेले. हॉल रिकामा असल्याचा फायदा घेऊन केबल बदलली, रबरी मॅट उचलून खालची फरशी धुतली, एक्झॉस्ट फॅन एकदाचे लागले.

16 जुलै, मंगळवार

पावसात पत्रा गळला. पाणी भिंतीवरून ट्रेडमिलच्या सॉकेटपर्यंत. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) ट्रिप झाला, म्हणजे त्याने त्याचं काम केलं. सकाळच्या ट्रेनरने तो पुन्हा वर केला नाही, मेंटेनन्सला बोलावलं. त्यांचं कौतुक इतिवृत्तात घेतलं. पत्रा आणि सॉकेट दुरुस्त होईपर्यंत त्या बाजूची तिन्ही मशीन बंद, दोरी बांधून.

त्याच आठवड्यात बारवर कॉलर (प्लेट घसरू नये म्हणून लावायची पकड) न लावता एकाने वजन उचललं. बार कलला, दहा किलोची प्लेट घसरून पायाच्या अंगठ्याशेजारी पडली. लागलं नाही. तरी शॉप फ्लोअरवरच्या निअर मिस (थोडक्यात टळलेला अपघात) फॉर्ममध्ये नोंद केली, कारण, उपाय, जबाबदार, तारीख अशा चारही रकान्यांसह. उपाय: कॉलरची जोडी साखळीने रॅकलाच बांधली, शोधावी लागत नाही.

6 ऑगस्ट, मंगळवार

ज्याची भीती होती तेच. नवीन लाइन येतेय, तयार मालाला जागा हवी. सायकल स्टँडवरचा हॉल स्टोअरला द्यावा, व्यायामशाळा "पुढील सूचनेपर्यंत" बंद, असा प्रस्ताव. आठ दिवसांत समितीचं म्हणणं मागितलंय.

कोणी आरडाओरडा केला नाही. सहचिटणीस म्हणाले, मोर्चा नंतर, आधी कागद. रात्री बसून जानेवारी आणि जुलैच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. दुपारच्या दोन्ही वेळा धरून रोजची हजेरी दुपटीच्या वर. प्रेस शॉपचे नियमित येणारे चारावरून तीसच्या पुढे. महिलांच्या वेळेला हॉल भरतो. कंत्राटदारांचे पास वेगळ्या रंगात दाखवले. डिस्पेन्सरीच्या कंबरदुखीच्या नोंदी जोडाव्यात असं सुचवलं गेलं, ते नाकारलं. तो आकडा घटला की नाही, घटला तर यामुळेच का, हे सांगण्याइतका काळ गेलेला नाही, आणि ते कागद डॉक्टरांच्या कपाटाबाहेर येणार नाहीत असं आपण लोकांना लिहून दिलंय.

20 ऑगस्ट, मंगळवार

प्लांट हेडसमोर बैठक. तक्ता त्यांनी दोनदा वाचला. प्रेस शॉपच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "हे खरंच येतात?" आमच्या सदस्याने नावांसह यादी पुढे केली.

निर्णयाला मदत झाली ती मात्र दादांच्या प्रश्नाची. हा मजला स्टोअरच्या भाराला तपासलाय का? व्यायामशाळेत माणसं आणि थोडी यंत्रं असतात, रॅकवर रचलेल्या तयार मालाचा भार कितीतरी जास्त धरावा लागतो. इमारतीच्या स्टॅबिलिटी सर्टिफिकेटमध्ये वापर बदलल्याची नोंद करावी लागेल, बांधकाम तज्ज्ञाचा अहवाल लागेल. प्रोजेक्टवाल्यांकडे तो नव्हता.

प्रस्ताव मागे. पण पूर्व बाजूची एक खण आम्हाला सोडावी लागली, रिकाम्या बिन (मालाच्या पेट्या) ठेवायला. दोन्ही सायकली तिथे होत्या, त्या आता मॅटच्या जागेत आल्या. शनिवारी बायकांना मॅट कमी पडणार आहेत. दाटीवाटीचा नकाशा ट्रेनर ताईंनी कागदावर काढलाय, उद्या दोरी लावून बघू.

13 सप्टेंबर, शुक्रवार

गणपतीत हजेरी कमी, हे धरलेलंच होतं. कंत्राटी कामगारांच्या प्रयोगाचे तीन महिने पुरे. तक्रारी दोनच. एक रॅकवर वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबल्याची, तीही कायम कामगाराविरुद्ध कायम कामगाराची. दुसरी टॉवेल न आणण्याची. तिसऱ्या कंत्राटदाराचं पत्र अजून नाही. त्याच्याकडचा एक मुलगा सोमवारी जिन्यापर्यंत येऊन परत गेला, ट्रेनर ताईंनी सांगितलं. त्याचं पुढे काय करायचं हा विषय सभासदांच्या सभेत घ्यायचा, समितीने परस्पर ठरवायचा नाही.

18 ऑक्टोबर, शुक्रवार

सभासदांची सभा, कॅन्टीनमध्ये, दोन शिफ्टच्या मधल्या वेळेत. दसऱ्याला यंत्रांना घातलेली झेंडूची तोरणं अजून तशीच होती.

हिशेब वाचला, मंजूर. मग नियम 2 मधली दुरुस्ती. जुनं वाक्य: "सभासदत्व कायम कर्मचाऱ्यांसाठी." नवीन: "प्लांटच्या गेटमधून कामासाठी आत येणाऱ्या प्रत्येकाला सभासद होता येईल. कंत्राटदाराचं पत्र नसल्यास कामगाराने स्वतः अर्ज, आरोग्य चिठ्ठी आणि विम्याचा पुरावा द्यावा." शेवटच्या वाक्याला एचआरने हरकत नोंदवली, कायदेशीर सल्ला घेऊ म्हणाले. सहचिटणीसांनी उभं राहून सांगितलं की युनियनचा या दुरुस्तीला पाठिंबा आहे, मात्र संध्याकाळच्या वेळा अजून सहा महिने उघडू नयेत. दोन्ही गोष्टींसह हात वर करून मंजूर. विरुद्ध नऊ.

पुढची कामं: एचआरच्या कायदेशीर मताची 10 नोव्हेंबरपर्यंत वाट पाहायची, नाही आलं तर स्मरणपत्र. नवीन नियम मराठी आणि हिंदीत दोन्ही गेटवर. सहा जास्तीच्या मॅटची खरेदी, कोटेशन दोन आले, तिसरं बाकी. एईडीची बॅटरी आणि पॅडची मुदत तपासणं, मेंटेनन्स. दिवाळीत 31 ऑक्टोबर ते 3 नोव्हेंबर बंद. 4 तारखेला दुपारी पावणेदोनला अण्णा उघडतील.